तुसाची धुरी

मी शिरगावचा तांडेल. किल्ल्याच्या मागे, समुद्राच्या अगदी तोंडावर आमची आळी. ज्या माणसाने जन्मात गारवा म्हणून फक्त पहाटेचा खारा वारा पाहिला, त्याला पलटणीने बर्फात पाठवलं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. तेव्हा मी नाईक होतो. सेक्शन माझ्याकडे होता आणि पोस्टिंगचा हुकूम वाचून दाखवला तेव्हा माझ्या शेजारी उभा होता सिपाही जान्या वरठा.

जान्या आमच्याच मुलखातला, पण डोंगराकडचा. बोईसरहून मनोरच्या बाजूला एसटीने जायचं, फाट्यावर उतरायचं आणि पुढे शेतांतून पायी. डोंगराच्या पायथ्याला त्याचा पाडा. आम्ही किनाऱ्याचे लोक डोंगरातल्या माणसांची थट्टा करत मोठे झालो आणि ते आमच्या मासळीच्या वासाला नाकं मुरडत. गावाकडे आम्ही एकमेकांशी चार शब्द बोललो नसतो. पलटणीत मात्र पालघर स्टेशनाचं नाव माहीत असलेला दुसरा माणूस भेटला, हीच चैन होती. तो मला दादा म्हणायचा. मी त्याला जान्या म्हणायचो, चिडलो की वरठा.

वर जाण्याआधी आम्ही दोघे एकाच वेळी रजेवर होतो. परतीला तो बोईसरला गाडीत चढला तेव्हा त्याच्या एका हातात तुपाचा रिकामा डबा होता, त्यात मिरचीचं रोप, आणि खांद्यावर गोणपाटाची छोटी पिशवी. पिशवीत काय आहे म्हणून मी हात घातला. भाताचं तूस. गिरणीत भात भरडला की जे टरफल उरतं ते. गाडीतल्यांनी त्याला हसून घेतलं, मीही हसलो. माणसं घरून लोणचं आणतात, पापड आणतात. हा गडी तूस घेऊन सीमेवर निघाला होता.

तो शांतपणे म्हणाला, "आयनं दिलाय. झाड जगव, म्हंजे तू जगशील, असा बोलली."

त्याचा बाप लहानपणीच गेलेला. आईने भाताच्या तुकड्यावर आणि घरामागच्या मिरचीवर त्याला वाढवलं. मिरची त्यांच्याकडे एका हंगामाची नव्हती. झुडपं वर्षानुवर्षं ठेवायचे. थंडी आली की धुई, म्हणजे धुकं, पडते, दवाने फुलं गळतात, पानं आखडतात. मग झाड छाटून झोपवायचं आणि पहाटे बुंध्याशी तुसाची धुरी द्यायची. तूस भडकत नाही, नुसतं धुमसतं. त्याची ऊब झाडाला पुरते आणि धुराने दव बसत नाही. जान्या हे सगळं मला गाडीत समजावून सांगत होता आणि मी झोपेचं सोंग घेऊन पडलो होतो.

आमची पोस्ट एका धारेवर होती. खाली दरी, समोर दुसऱ्या बाजूची धार. दगड रचून केलेले बंकर, वर पत्रा, पत्र्यावर माती आणि गोण्या. राहायचे तीन बंकर आणि टोकाला एक अरुंद स्टोअर. खेचरं खिंडीपर्यंत यायची, पुढे सगळं पाठीवर. बर्फ पडून खिंड बंद झाली की उन्हाळ्यापर्यंत आम्ही आणि आमचा रेडिओ सेट. पोस्टवर सुभेदार साहेब होते, सातारा भागातले. बोलणं कमी, नजर जास्त. त्यांनी डबा पाहिला आणि विचारलं, "वरठा, हे लष्कर आहे की परसबाग?"

जान्या सावधानमध्ये उभा राहून म्हणाला, "साहेब, मिरची हाय."

सुभेदार साहेब पुढच्या बंकरकडे वळले. डबा राहिला.

राहिला तो जिभेमुळे. वर सगळं डब्यातलं असतं. डब्यातली भाजी, डब्यातलं मटण, पावडरचं दूध. काही दिवसांनी सगळ्याची एकच चव लागते. जान्याच्या झाडाला शरद संपता संपता काही मिरच्या आल्या. एक हिरवी मिरची चाकूने चिरून जेवढी माणसं तेवढे तुकडे व्हायचे आणि तो नखाएवढा तुकडा माणूस भाताच्या शेवटच्या घासाला ठेवायचा. सुभेदार साहेबांच्या ताटातही जायचा. त्या दिवसापासून परसबागेचा विषय बंद झाला. जान्याने बिया टाकून आणखी दोन डबे केले. सूर्य निघाला की तीनही डबे दगडाच्या आडोशाला उन्हात, वर रेशनच्या पिशव्यांचं प्लास्टिक. सावली आली की आत, बुखारीजवळ. बुखारी म्हणजे रॉकेलची लोखंडी शेगडी, तिचं धुराडं पत्र्यातून वर काढलेलं. ती होती म्हणून आम्ही होतो.

मग खरी थंडी आली. एके दिवशी जान्याने चाकू घेतला आणि झाडं छाटली. सगळी पानं खुडली, फांद्या तोडल्या. डब्यात उरले फक्त वीतभर काळसर खुंट, वर दोन फाटे. मला ते बघवेना. मातीतून कुणीतरी दोन बोटं वर काढावीत तसे दिसायचे.

मी म्हटलं, "मारलंस की लेका."

त्याने अंगठ्याच्या नखाने खुंटाची साल जराशी खरवडली. आत ओला हिरवा रंग होता. "झोपलाय," तो म्हणाला. पहाटे सगळ्यांनी हत्यारं घेऊन मोर्च्यात उभं राहायचं, त्या रोजच्या स्टँड-टूहून परत आला की तो तिन्ही खुंट असे खरवडून बघायचा आणि त्यांच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलायचा. मी कधी कान दिला नाही. अशा जागी माणसाला कुणाशी तरी बोलावंसं वाटतं आणि ऐकणारा माणूसच असला पाहिजे असं नाही.

समुद्रावर मी भीती पाहिली आहे, पण समुद्र निदान आवाज करतो. बर्फ आवाज खातो. शेजारच्या बंकरमधला माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. धुकं चढलं की धार नाहीशी व्हायची, हात लांब केला तर बोटं दिसायची नाहीत. पहाऱ्यावरच्या सेंट्रीला वाटायचं की कुणी चालतंय, आणि कुणीच नसायचं. त्या दिवसांत जान्याने मला सांगितलं की त्याच्या डोंगरावरून रात्री तारापूरच्या वीज केंद्राचे दिवे दिसतात, सगळा किनारा उजळलेला, आणि त्यांच्या पाड्यात मात्र रॉकेलची चिमणी. "आमी अंधारात बसून दिवं बगतो दादा," असं म्हणून तो हसला. तो हसला तेव्हा बरं वाटायचं. मी त्याला हे कधी सांगितलं नाही, आता सांगतो.

हिवाळ्याच्या मध्यावर वादळ आलं आणि बसलं. खिंडीपलीकडून यायचं रॉकेल आलं नाही. सुभेदार साहेबांनी हिशोब केला आणि हुकूम दिला. एकच बुखारी चालेल, सगळे एकाच बंकरमध्ये झोपतील. माणसाला लागून माणूस, कूस बदलायची तर सगळ्यांनी मिळून बदलायची. त्यात डब्यांना जागा नव्हती. डबे स्टोअरमध्ये गेले.

स्टोअरमध्ये बुखारी नव्हती. दुसऱ्या दिवशी एका डब्यातला खुंट खरवडला तर आत तपकिरी. तो गेला. जान्याचा चेहरा पडला. त्याच्या मनात आईचं बोलणं घट्ट बसलं होतं. मी त्याची समजूत घातली की आया असं काही बोलतातच, माझ्या आईने तर मला खोबऱ्याची वाटी बांधून दिली होती आणि ती मी पठाणकोटच्या आधीच खाल्ली. तो हसला नाही.

त्या संध्याकाळी त्याने सुभेदार साहेबांकडे स्टोअरमध्ये झोपायची परवानगी मागितली. पोस्टवर सगळ्यांना एक नियम पाठ होता, बंद बंकरमध्ये कोळसा पेटवायचा नाही. त्याने माणसं मेलेली आहेत. साहेबांनी तो नियम पुन्हा म्हणून दाखवला, जान्याने मान हलवली. जादा ब्लँकेट मिळालं. मी त्या रात्री खालच्या ऑब्झर्वेशन पोस्टवर होतो.

जान्याने नियम मोडला असं मला आजही वाटत नाही. त्याने कोळसा पेटवला नाही. त्याच्या पाड्यात तुसाच्या धुरीला कुणी विस्तव मानत नाही. लहान मुलं तिच्या कुशीला झोपतात, म्हातारी माणसं हिवाळा तिच्याजवळ बसून काढतात. ते झाडाचं औषध आणि माणसाचं पांघरूण. मला तो एकदा असंच म्हणाला होता, "दादा, धुरी म्हंजे आग नाय. पांगरूण हाय." पण त्याचं घर कुडाचं होतं. कारवीच्या काठ्या उभ्या करून वर शेणमातीचा हात फिरवलेला. त्यात शंभर फटी असतात आणि घर श्वास घेतं. आमचं स्टोअर दगडाचं. वारा आत बर्फ भुरभुरवत होता म्हणून त्याने दाराची फट गोणपाटाने बुजवली होती आणि भिंतीतलं भोक ब्लँकेटने.

पहाटेच्या स्टँड-टूसाठी मी खालून वर चढत होतो. वादळ थांबलं होतं. सगळं पांढरं आणि गप्प. पोस्टच्या जवळ आलो तेव्हा वास आला. तुसाचा. थंडीच्या दिवसांत पालघरहून आत कुठल्याही रस्त्याला लागा, सकाळी हाच वास येतो. क्षणभर मला घरी आल्यासारखं वाटलं.

स्टँड-टूला जान्या नव्हता. स्टोअरचं दार आतून अडकलेलं होतं, दोघांनी खांदा लावून ढकललं. डबे दोन बाजूंना, मधे रिकाम्या टिनमध्ये तुसाची राख, वरून करडी आणि आत अजून लाल. जान्या कुशीवर झोपला होता, एक हात डब्याभोवती. आमचे सगळ्यांचे चेहरे थंडीने काळेनिळे पडलेले, ओठ फुटलेले. त्याचे गाल मात्र गुलाबी होते. ओठ लाल. लग्नाला निघालेल्या पोरासारखा दिसत होता. मी त्याला हाक मारली, मग शिवी दिली, मग खांद्याला धरून हलवलं. पोस्टवरच्या नर्सिंग असिस्टंटने मानेला बोटं लावली आणि तो माझ्याकडे बघेना.

सुभेदार साहेबांनी स्वतः सेट घेतला.

"एक कॅज्युअल्टी. हेलिकॉप्टर हवंय. ओव्हर."

"निगेटिव्ह. खाली वेदर खराब. कॅज्युअल्टीची कंडिशन सांगा. ओव्हर."

साहेबांनी बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. मग म्हणाले, "गेलाय. पण तसा दिसत नाही. ओव्हर."

नर्सिंग असिस्टंटने मला नंतर समजावलं की अशा धुमसण्यातून एक वायू येतो. त्याला वास नाही, रंग नाही. धूर निवला तरी तो येत राहतो आणि माणूस झोपेतच जातो, म्हणूनच चेहरा तसा लाल होतो. मी ऐकून घेतलं. मला एवढंच कळत होतं की जो जिवंत दिसत होता तो मेला होता. आणि मी नखाने खुंट खरवडला तर तो हिरवा होता.

वादळ पुन्हा बसलं. जान्या काही दिवस त्याच स्टोअरमध्ये राहिला, सेंट्रीच्या पहाऱ्यात. नंतर त्याला खाली नेलं आणि बेसवर अग्नी दिला. तेव्हा तसंच व्हायचं, मृतदेह गावी जात नसे. डबे मी आमच्या बंकरमध्ये आणले. दोघातिघांनी कुरकुर केली की हे अपशकुनी लाकूड आत नको. सुभेदार साहेब म्हणाले, "राहू दे." आणि जागा करण्यासाठी स्वतःचे पाय आखडून घेतले.

यापुढचं मी जसं घडलं तसं सांगतो. त्याचा अर्थ लावायची जबाबदारी माझी नाही.

तूस संपलं होतं. पिशवी मी स्वतः झटकली होती. तरी एका पहाटे सेंट्रीने येऊन सांगितलं की स्टोअरकडून धुराचा वास येतोय. जाऊन पाहिलं तर स्टोअर रिकामं, जमिनीवर बर्फाची भुकटी, तिच्यावर पाऊल नाही. सेंट्री विदर्भातला होता, धान पिकवणाऱ्या गावचा. तो म्हणाला, तुसाचा वास मी ओळखतो. त्या दिवशी पारा इतका उतरला की सेटच्या बॅटऱ्या गोठल्या. मी डबे बुखारीला चिकटवून ठेवले म्हणून खुंट वाचले. काही दिवसांनी पुन्हा तसंच. आधी वास, मग कडाका. मग वास आला की कुणीतरी न सांगताच उठायचं आणि डबे बुखारीजवळ सरकवायचं. अपशकुनी म्हणणारेही उठायचे. कुणी कुणाशी त्यावर बोलत नव्हतं.

एका पहाटे सुभेदार साहेब माझ्याजवळ मोर्च्यात उभे होते. त्यांनी मान जराशी वर केली. "तांडेल, वास येतोय?"

"येतोय साहेब."

"हं," ते म्हणाले. "रिपोर्टमध्ये घालायचं नाही." आणि वळून बंकरकडे गेले. मी परतलो तेव्हा दोन्ही डबे त्यांच्या मांडीजवळ होते.

दोनांतला एक खुंट वसंताच्या तोंडावर गेला. दुसरा, जान्याने घरून आणलेला, जगला. बर्फ वितळायला लागल्यावर त्याच्या फाट्यातून मोहरीएवढा हिरवा ठिपका बाहेर आला. सगळी पोस्ट तो बघायला वाकली. सुभेदार साहेबांनी चष्मा लावून पाहिला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं. खिंड उघडली की पहिल्या तुकडीबरोबर तू रजेवर जायचं, झाड त्याच्या आईला द्यायचं. मग त्यांनी आवाज खाली आणला. तिला पाठवलेल्या तारेत बर्फात अपघात एवढंच लिहिलंय, तेवढंच सांगायचं. धुरीचं तिला कळता कामा नये. तिनेच शिकवलेलं तिच्या पोराला लागलं, हे घेऊन कुठली आई जगेल?

मी हो म्हणालो. मलाही तेच वाटत होतं.

पण गाडीत बसल्यावर दुसराच विचार डोक्यात शिरला. आई म्हणाली होती, झाड जगव म्हणजे तू जगशील. आणि मी जगलेलं झाड घेऊन चाललो होतो. ते बघून तिने काय समजायचं? दोन वेळा मी डबा घेऊन दारापर्यंत गेलो की टाकून द्यावा. दोन्ही वेळा परत आणून पायाशी ठेवला. बर्थवरच्या एका गुजराती बाईंनी त्याला आपल्या तांब्यातलं पाणी घातलं. बोईसरला उतरलो तेव्हा त्याला बोटभर पानं होती.

पाड्यावर पोचलो तेव्हा ऊन तापलं होतं. जान्याची आई घरामागे मिरचीत बसली होती. बारीक, काळी, ताठ बाई. मी ओळख सांगितली, जान्याची जर्सी तिच्या हातात दिली. तिने ती मांडीवर ठेवली आणि डबा ओढून घेतला. पानांकडे बघितलं नाही. अंगठ्याच्या नखाने खोड खरवडलं, अगदी तो खरवडायचा तसं. हिरवं दिसल्यावर तिने मान वर करून माझ्यामागची पायवाट बघितली. मीही वळलो. वाट रिकामी होती.

"झाड जगला," ती म्हणाली. "मंग तो कुठं हाय?"

मी ठरलेलं सांगितलं. बर्फ कोसळला, क्षणात गेला, काही कळलं नाही त्याला. झाड आत होतं म्हणून वाचलं. सांगताना मी तिच्याकडे बघत नव्हतो. तिने डब्यातली चिमूटभर माती काढली, बोटांत चुरली आणि नाकाशी नेली. मला वाटलं, शेतकऱ्याची सवय. बराच वेळ माती तिच्या नाकाशी होती.

मग तिने विचारलं, "तूस संपला त्याचा?"

"संपलं," मी म्हटलं.

तिने डबा सावलीत सरकवला. मला भाकरी दिली, वर मिरचीचा ठेचा. मी जेवलो. जान्याचं झाड तिने डब्यातून काढून इतर झुडपांच्या ओळीत लावलं आणि मी शिरगावला आलो.

पुढे हवालदार होऊन मी निवृत्त झालो आणि बोईसरला औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या गेटवर लागलो. थंडीत माझं एक काम पगाराबाहेरचं असतं. बिहार, उत्तर प्रदेशकडची पोरं भाड्याच्या खोल्यांत आठ-दहा जण राहतात, शिफ्टवरून येऊन घमेल्यात लाकूड पेटवून दार लावून झोपतात. मी त्यांची दारं ठोठावतो. "खिडकी खोलो," म्हणून ओरडतो. त्यांनी मला बुड्ढा खिडकी असं नाव पाडलंय. पाडू देत. खिडक्या उघड्या असतात.

दर हिवाळ्यात एकदा मी पाड्यावर जातो. नव्वद साल उलटून गेलं तरी खंड पडलेला नाही. सुरुवातीच्या वर्षांतच एक गोष्ट लक्षात आली होती. सकाळी धुई उतरते तेव्हा पाड्यातल्या प्रत्येक परसातून तुसाचा धूर उठतो, फक्त जान्याच्या घरामागे उठत नाही. मला वाटलं, बाई म्हातारी झाली, होत नसेल. तूस विकत आणायला माणूस नसेल. एकदा मी गिरणीतून पोतं भरून नेऊन दिलं. पुढच्या वर्षी ते तसंच, शिवलेलं, पडवीत होतं.

गेल्या हिवाळ्यात मी पहिल्या एसटीने गेलो. धुई इतकी दाट की पायवाट पायानेच शोधत होतो. घरामागे आलो आणि थांबलो. मिरचीच्या ओळीत लष्करी जर्सी घातलेलं कुणीतरी पाठमोरं वाकलेलं होतं. तीच पाठ, तीच वाकायची पद्धत. माझ्या तोंडून "जान्या" निघून गेलं.

ती वळली. जान्याची आई होती. हातात लुगड्याचा फाटका तुकडा. ती एकेक पान तळहातावर घेऊन त्याच्यावरचं दव टिपत होती. वरून, मग खालून, मग पुढचं पान. अशी सगळी झुडपं. कापड ओलं झालं की पिळायची आणि पुन्हा. चारी बाजूंनी शेजाऱ्यांच्या परसांतून धूर येत होता आणि ती सूर्य वर येईपर्यंत हातांनी ते काम करणार होती, इतकी वर्षं करत आली होती.

मी म्हटलं, "आय, धुरी का नाही देत? पोतं आहे की."

तिने पान सोडलं नाही. "बर्फ मी पायला नाय पोरा. पन तूस मी जनमभर जालला," ती म्हणाली. "तू डबा आनला, तवा मातीला वास होता."

मी तिथंच बांधावर बसलो. इतकी वर्षं मी तिला जपत होतो असं समजत होतो, आणि ती मला खोटं बोलू देत होती. मला जड जाऊ नये म्हणून.

"धुरी मी सांगली त्याला," ती म्हणाली. "आपला घर कुडाचा हाय, तकडं नसंल, हे सांगायचा राहिला."

मी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. की आई, त्यात तुझा काय दोष, की तो झोपेत गेला, की त्याचा चेहरा मी पाहिलाय, त्याला त्रास झाला नव्हता. त्यातलं शेवटचं तेवढं बोलता आलं. मग तिने कापड दातात धरून टरकन फाडलं आणि अर्धा तुकडा माझ्याकडे केला.

सिपाही जान्या वरठा याचं नाव कुठल्या चौकात नाही, कुठल्या शाळेच्या भिंतीवर नाही. शिरगावला माझ्या विहिरीजवळ त्याच्या बियांची दोन झाडं आहेत आणि पाड्यावर ओळीच्या टोकाला त्याचं स्वतःचं झाड, खोड मनगटाएवढं झालेलं. त्या सकाळी आईने अलीकडून सुरुवात केली होती, म्हणून मी पलीकडून केली. त्याच्या झाडाची पानं मी पुसली.